घरात मांजर आणावे काय?

सुगी होऊन ज्वारी-तुरीची पोती माजघरात येऊन पडली की आठ-पंधरा दिवसांत रात्रीची खुडबुड सुरू होते. सकाळी बघावे तर पोत्याच्या कोपऱ्याला भोक, खाली सांडलेले दाणे आणि लेंड्या. उंदीर खातो थोडे, नासतो जास्त. त्याने मुतलेले धान्य ना धड खायच्या उपयोगाचे, ना विकायच्या. घरचे सोयाबीनचे बियाणे राखून ठेवलेले असेल तर नुकसान कळते ते थेट जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. मग घरात विषय निघतोच, "एखादं मांजर आणू या का?"

शेतकरी बंधूंनो, प्रश्न साधा वाटतो, पण एका शब्दात उत्तर देता येत नाही. मध्यंतरी एका माळवदाच्या घरी बियाण्याची उगवण तपासायला गेलो, तेव्हा तिथे हाच वाद रंगला होता. आजी मांजराच्या बाजूने, सूनबाई विरोधात. "दुधाचं भांडं कोण राखणार? अन् लेकरू खाली रांगतंय," असे सूनबाईंचे म्हणणे. आजी म्हणाल्या, "उंदरामागं जनावर येतं घरात, ते चालतं का तुला?" दोघींचेही खरेच होते. धामण असो की नाग, तो घरात शिरतो तो बहुधा उंदराच्या वासाने. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्हीच काय ते सांगा."

सांगायचे ते असे, की मांजराकडून नेमके काय काम होते ते आधी समजून घ्यावे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतघरांवरच्या मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली लेख लिहिला. त्यांना असे आढळले, की उंदरांनी बुजबुजलेले ठिकाण मांजरे साफ करू शकत नाहीत. मात्र एकदा ते दुसऱ्या उपायांनी साफ केले, की पुन्हा उंदीर येऊ न देण्याचे काम मांजरे चांगले करतात. अलीकडे, २०१८ साली न्यूयॉर्कमधील एका अभ्यासाची माहिती प्रसिद्ध झाली. तेथे कचऱ्याच्या एका केंद्रात ७९ दिवस मांजरांवर कॅमेरे रोखले होते. तेवढ्या काळात मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन! आपल्याकडेही हाच अनुभव आहे. चिचुंद्री आणि लहान उंदीर मांजर सहज धरते, खायचे नसले तरी मारते. घूस समोर आली की भलाभला बोकाही बाजूला सरकतो.

उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत पुन्हा वेताला तयार. हा हिशेब एकट्या मांजराला पुरा होणारा नाही. म्हणून मांजर आणण्याआधी घर आवरावे. पोती जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडून रचावीत, म्हणजे मागे जागा दिसते आणि झाडता येते. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर आत येतो. तेव्हा दाराच्या खालच्या कडेला पत्रा ठोकावा, बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. जमत असेल तर पत्र्याची कोठी घ्यावी. कणगी शेणाने कितीही लिंपली तरी उंदराच्या दातापुढे टिकत नाही. कोठीला पैसे लागतात हे खरे, पण दरवर्षी नासणाऱ्या धान्याचा हिशेब कुणी मांडतो का?

आता औषधाचे. येथे मात्र जपावे. झिंक फॉस्फाईडचे आमिष (९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध) अत्यंत जहाल असते आणि त्यावर उतारा नाही. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवावा, उंदीर सरावला की मगच विषारी. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या हळू काम करतात, पण त्या खाल्लेला अर्धमेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही दगावते. थोडक्यात, औषध आणि मांजर एका घरात नांदत नाहीत. औषध वापरायचे तर मांजर यायच्या आधी. मेलेले उंदीर हातमोजे घालून खोल पुरावेत, उरलेले आमिष उचलून तेही पुरावे आणि दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. शेजाऱ्याने औषध ठेवले आहे का, हेही विचारून घ्यावे. मांजराला बांध-कुंपण कळत नाही. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कुणीही वापरू नयेत. त्यांच्या वायूने माणसेही दगावतात.

मांजर उपाशी ठेवले तर जास्त शिकार करते, ही समजूत चुकीची आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी मांजर दुसरे घर धरते, एवढाच फरक. मात्र नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही, त्याला मांस लागते. मोठ्या मांजराला दुधाने पुष्कळदा हगवणही लागते. माळकरी घरांनी याचा विचार आधीच करावा.

सूनबाईंची शंका लेकराबद्दल होती, तिला उत्तर आहे. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी व पुढे दरवर्षी टोचत राहावे. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. "घरचंच मांजर आहे, काय होतंय" असे म्हणून थांबू नये. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात, म्हणून पेंड व भरडा झाकून ठेवावा. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. कोंबड्या असतील तर पिल्ले मोठी होईपर्यंत डालग्याखाली राखावी लागतील.

त्या घरी मी असा निकाल दिला, की आधी फळ्या अन् पत्रा, मांजराचे महिनाभराने बघू. आजींना हे फारसे पटले नाही. "महिनाभर उंदीर काय वाट बघणार हाय व्हय?" असे त्या म्हणाल्याच. मालकांनी मात्र त्याच संध्याकाळी फळ्या आणायला ट्रॅक्टर जोडला.

पिल्लू घ्यायचे ते दोन महिन्यांचे झाल्यावर, आई शिकारीची असेल अशा घरचे घ्यावे. आईबरोबर राहिलेले पिल्लू शिकार लवकर शिकते. आणल्यावर आठवडाभर खोलीत कोंडून ठेवावे, नाहीतर ते जुन्या घराकडे पळते. भाटी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते. गाभण राहिल्यावर सुमारे दोन महिन्यांत विते, आणि वर्षात दोनदाही. म्हणजे एका मांजराची पाच-सात व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ती पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडण्याची पाळी येते. भाटीची शस्त्रक्रिया किंवा बोक्याचे खच्चीकरण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते का, हे पिल्लू आणण्याआधीच विचारून यावे.