अण्णांचा लेथ

रविवारी सकाळी आमच्या घरातून दोन पिशव्या निघतात. हिची मंडईला, माझी पुण्याच्या जुन्या बाजाराला. तिच्या पिशवीतून मेथी येते, माझ्या पिशवीतून मोटारसायकलचे खराब पिस्टन. पिस्टन ओट्यावर ठेवायचे नाहीत, असा घरात कायदा आहे.

अण्णा अठ्ठावीस वर्षे टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबाच्या पैशांत एक जुना लेथ घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. ते पैसे माझ्या इंजिनिअरिंगच्या फीत गेले. अण्णा कधी बोलले नाहीत. आईने सांगितलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. नवा लेथ आणला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता. म्हणून भंगारातून करायचं ठरवलं.

वाट कुणीतरी आधीच घालून दिली होती. डेव्हिड जिंजरी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी यावर पुस्तकांची मालिकाच लिहिली आहे. आधी कोळशाची भट्टी, मग तिच्यात ओतलेल्या भागांचा लेथ आणि अर्धवट जुळलेल्या त्या लेथवरच त्याचे उरलेले काही भाग!

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे कोळसा आणि एक ब्लोअर पुरतो. पहिल्या दिवशी साचा ढासळू नये म्हणून मी वाळू जरा जास्तच भिजवली. अण्णांनी मूठभर वाळू दाबून पाहिली आणि भट्टी विझवायला लावली. ओल्या वाळूत तापलेला रस पडला की पाण्याची वाफ होते आणि रस उलट अंगावर उडतो. हे मला पुस्तकात वाचूनही सुचलं नव्हतं. इंजिनिअर मी!

मोटर पिठाच्या गिरणीची मिळाली, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. तिला तीन इंची पुली, स्पिंडलला नऊ इंची. फेरे आले ४८० वर.

खरी अडचण निराळीच. बाजारात सगळं मिळतं, सपाट पृष्ठभाग मिळत नाही. तुम्ही म्हणाल, दोन पाट एकमेकांवर घासले की होतील सपाट. होत नाहीत. एक फुगीर, दुसरा तेवढाच खोलगट झाला तरी ते चपखल बसतात. तिसरा पाट आणून तिघांची आलटून पालटून गाठ घातली की लबाडी उघडी पडते. जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला या विषयावर निबंध वाचला होता. अण्णांनी व्हिटवर्थचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण कृती त्यांना ठाऊक होती.

ओतीव लोखंडाचे तीन तुकडे आम्ही चार महिने खरवडले. अण्णांचा हात आता थरथरतो. म्हणून ते निळा रंग लावायचे, पाटावर पाट फिरवायचे आणि जिथे रंग उठेल तिथे बोट ठेवायचे. ‘‘इथे.’’ दिवसभरात एवढाच शब्द. मग त्या पाटाला ताडून लेथचा बेड खरवडला.

गेल्या महिन्यात लेथ फिरला. सहा इंची सळईवरून पहिला काप घेतला, दोन्ही टोकं मोजली. फरक पाच शतांश मिलिमीटर. मी पेढे आणायला निघालो.

अण्णांनी चष्मा पुसून मायक्रोमीटर स्वतः वाचला. ‘‘टेपर येतोय. हेडस्टॉक सोड,’’ म्हणाले. आणि आईला हाक मारून त्यांनी ट्रंकेतला खाकी एप्रन मागवला.