नवे स्केट आणि सपाट तळवे

आदिलाबादेत बर्फाचे मैदान कुठून असणार? परंतु सिमेंटच्या अंगणात चाकांचे स्केट घालून घोट्यात कलणारी मुले आता आपल्याकडेही दिसतात, आणि त्यांचे पालक ‘पायातच दोष आहे का?’ असे विचारीत बालरोगतज्ज्ञाकडे येतात.

पाऊल तपासण्याआधी मी बूट पाहतो. ‘पुढल्या वर्षीही चालावा’ या हिशेबाने तो पुष्कळदा दोन नंबर मोठा घेतलेला असतो. सैल बुटात टाच स्थिरावत नाही आणि घोटा आत झुकतो. मापाचा बूट घेऊन, टाच मागे टेकवून नाडी घोट्यापाशी घट्ट व बोटांपाशी सैल बांधली, की अनेकदा तक्रारच उरत नाही.

तरीही घोटा कलत असेल, तर मुलाला अनवाणी चवड्यांवर उभे करावे. तळव्याची कमान उमटली व टाच आत वळली, तर पाऊल लवचीक आहे. दुखत नसल्यास उपचार नकोत. कमान दहाव्या वर्षापर्यंत घडतच असते. मणिपालचे डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनी २३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली दाखविले, की सपाट तळवे पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के होते. वाडीवरच्या अनवाणी पोरांविषयी हळहळताना हेही आठवावे. (जंतांचा प्रश्न अर्थात निराळा!)

‘स्केटिंग बंद करा’ हा आपल्यापैकी अनेकांचा आवडता सल्ला मला पटत नाही. अमेरिकेची क्रिस्टी यामागुची क्लबफूट घेऊन जन्मली; प्लास्टर व विशेष बुटांनंतर व्यायाम म्हणून स्केटिंगकडे वळली आणि १९९२ साली आल्बर्टव्हिलच्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक घेऊन गेली.

पाऊल खरोखर आत कलत असल्यास बूट पावलाजोगा करावा. फिगर स्केटचे पाते आधी मोजक्या स्क्रूंवर बसवितात, मुलाला उभे करून गरजेप्रमाणे आत वा बाहेर सरकवितात, मगच पक्के करतात. आपल्याकडील साध्या स्केटची चाकांची पट्टी बहुधा रिबिटांनी जखडलेली असते, तेव्हा ती सोय नाही. तेथे टाचेखाली आतल्या बाजूस पातळ पाचर द्यावी. घोट्याचे हाड घासत असेल तर तेवढेच चामडे ताणून फुगवून घ्यावे. कुशल चर्मकार हे सहज करतो. एका वेळी एकच बदल करावा व आठवडाभर पाहावे.

मात्र चवड्यांवरही कमान उमटत नसेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा वेदना असेल, तर पाचर न देता क्ष-किरण चित्र काढावे. पावलातील हाडे परस्परांस जुळलेली असू शकतात. असे मूल अस्थिरोगतज्ज्ञांकडेच पाठवावे.