तारीख नागपूरची

मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीकडे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती मागायची; नाही मिळाली, तर पहिलं अपील पंचायत समितीत. इथवर सगळं घरच्या अंगणात. दुसरं अपील मात्र नागपूरला, राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे. तारीख ऐन रोवणीत आली तरी भंडारा गाठायचं, तिथून पुढे नागपूर, आणि पुकारा झाल्यावर बोलायला मिळायची जेमतेम काही मिनिटं. माहिती अधिकार १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. पुढची कितीतरी वर्षं मजुरी बुडवून हजर राहणं हा त्या अधिकाराचा न छापलेला खर्चच होता.

वास्तविक पडद्यावरची हजेरी कायद्याला तेव्हाही नवी नव्हती. तिचा पाया मुंबईच्या एका खटल्याने घातला. डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्याविरुद्धच्या त्या खटल्यात न्यूयॉर्कचे कर्करोगतज्ज्ञ साक्षीदार होते आणि ते भारतात यायला तयार नव्हते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घ्यायला उच्च न्यायालयाने नकार दिला. १ एप्रिल २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: ‘हजर’ असणं म्हणजे त्याच खोलीत असणं नव्हे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची सोय झाली. मोहाडी तालुक्यातल्याच आंधळगावच्या कोसा विणकराची व्हायला आणखी बराच काळ जायचा होता.

मधे गाडी उलटीही फिरली. मार्च २०१७ मध्ये वैवाहिक खटल्यांत दूरस्थ सुनावणीची वाट सर्वोच्च न्यायालयानेच मोकळी केली, आणि ९ ऑक्टोबर २०१७ ला दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती आवळली. समेट फिसकटल्यावर, तेही दोघांची संमती असेल तर, असं ठरलं. विरोधी मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचं होतं. दूरस्थ सुनावणीला त्यांची ना नव्हती.

मग करोना आला. ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने न्यायालयं पडद्यावर गेली. त्याच वर्षीच्या २० जुलैपासून नव्या ग्राहक कायद्याने, अर्ज केल्यास, ग्राहक आयोगातही ही सोय दिली. बियाणं उगवलं नाही म्हणून भांडणाऱ्या शेतकऱ्याच्या ती कामाची. पण अर्ज करायचा असतो हे त्याला सांगतो कोण?

निर्णायक वळण आलं ९ ऑक्टोबर २०२३ ला. वैवाहिक खटल्यांतल्या बहुमताच्या निकालाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती, आणि सरन्यायाधीशपदी आता चंद्रचूडच होते. सगळ्या राज्य माहिती आयोगांनी ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्यक्ष आणि दूरस्थ अशा दोन्ही प्रकारच्या सुनावणीची सोय करावी, लिंक रोजच्या यादीत द्यावी आणि निवड अर्जदाराची असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तोवर सुनावणी कुठे, हे बाकावर बसणाऱ्यांच्या सोयीने ठरत होतं.

पण घरून सुनावणी म्हणताना प्रत्येकाच्या घरात बरा फोन आणि टिकणारी रेंज आहे, असं आपण धरून चालतो. नसेल तर सरकारी दालन. तिथे कॅमेऱ्यासमोर अपील करणाऱ्या बाईच्या शेजारच्याच खुर्चीत माहिती अधिकारी बसलेला असेल, तर ती मोकळी बोलेल का? लांबच्या नागपुरात निदान भिंती तरी परक्या असतात.

दुसरी अडचण कागदाची. वाद रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेवर असेल, तर खाडाखोड केलेला आकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून दिसत नाही. पान हलतं, उजेड चकाकतो, तोवर पुढचं प्रकरण पुकारलं जातं. २०२३ मध्ये राज्याच्या आयोगापुढे लाखावर प्रकरणं तुंबलेली होती. एवढ्या रांगेत ‘जरा थांबा, दाखवते’ म्हणणारीचा आवाज बंद करणं फार सोपं. माहिती सरळसरळ नाकारली असेल, तर फोनवरची सुनावणी पुरे. मूळ दप्तरावर संशय असेल, तर दप्तर टेबलावर आणि दोन्ही पक्ष समोर हवेत. कुठलं प्रकरण कुठल्या जातीचं, हे नोटीस काढण्याआधी अपीलकर्त्याला मराठीत, दोन ओळींत विचारता येतं.