वर्णभेदाचे बळी आणि त्यांची नोंद : दक्षिण आफ्रिकेचा धडा

20 मार्च हा दिवस आपण चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन म्हणून पाळतो. 1927 साली परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या पूर्वजांनी महाडला पाण्याला हात लावला आणि त्यासाठी मार खाल्ला. त्याच्या लगतचा दिवस, 21 मार्च, संयुक्त राष्ट्रसंघाने वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला आहे. 1960 साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे काळे नागरिक सक्तीच्या 'पास'विरुद्ध पोलीस ठाण्यासमोर जमले होते. पास जवळ नसेल तर काळ्या माणसाला आपल्याच देशात रस्त्यावरून उचलून तुरुंगात टाकले जाई. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या, म्हणजे ते पळत असताना लागल्या.

मृतांचा अधिकृत आकडा 69 आणि सर्वत्र तोच सांगितला जातो. अलीकडे जुनी कागदपत्रे पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांनी मात्र मृतांची संख्या नव्वदच्या वर होती, असे दाखवून दिले आहे. ज्या हत्याकांडाने सारे जग हादरले, त्यातील मृतांची मोजणीसुद्धा साठ वर्षे अपुरी राहिली. मग कोठडीच्या बंद दाराआड किंवा निर्जन रस्त्यावर जे मारले गेले, त्यांची नोंद कोणी ठेवली असेल? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा मागोवा घेत आहोत.

लेखणी मारणाऱ्याच्या हाती

1948 साली सत्तेवर आलेल्या नॅशनल पार्टीच्या राजवटीत मृत्यूची नोंद होत नसे असे नाही. नोंद होई, पण ती मारणाऱ्यांच्या शब्दांत होई. भारतीय वंशाचे शिक्षक अहमद तिमोल ऑक्टोबर 1971 मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मरण पावले. न्यायालयीन चौकशीने 1972 मध्ये त्यावर 'आत्महत्या' असा शिक्का मारला. सप्टेंबर 1977 मध्ये स्टीव्ह बिको यांचा कोठडीत अंत झाला. मंत्र्यांनी आधी अन्नत्यागाचा हवाला दिला. प्रत्यक्षात मृत्यूचे कारण मेंदूला झालेली इजा हे होते. तरीही चौकशीत कोणालाही दोषी धरले गेले नाही.

राजवट संपत आली तेव्हा कागदपत्रे नष्ट करण्याचे काम सुरू झाले. एकट्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संस्थेच्या मुख्यालयाने 1993 साली काही महिन्यांत सुमारे 44 टन अभिलेख नष्ट केले. त्यासाठी पोलाद कारखान्याची भट्टी वापरण्यात आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये. अत्याचाराचा पुरावा मिळत नाही, याचा अर्थ अत्याचार झाला नाही असा होत नाही.

आई-वडिलांनी ठेवलेली नोंद

शासनाच्या नोंदीला उत्तर दिले ते सामान्य माणसांनी. 1981 साली जोहान्सबर्गमध्ये कैद झालेल्यांच्या पालकांनी आणि नातलगांनी एक समिती स्थापन केली. कोणाला उचलले, कोणत्या कायद्याखाली उचलले, कोठे ठेवले आणि सुटून आल्यावर त्याने छळाविषयी काय सांगितले, ही माहिती ती गोळा करीत असे. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध आले, तेव्हा अशा नोंदींचे मोल अधिकच वाढले. अखेर 1988 साली सरकारने या समितीच्या कामावर बंदी घातली. समितीजवळ शस्त्रे नव्हती; नावे, तारखा आणि जबान्या होत्या. सत्तेला त्याच धोकादायक वाटल्या.

आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे क्रॅडॉक गावचे मॅथ्यू गोनिवे आम्हांला विशेष जवळचे वाटतात. ते लोकप्रिय शिक्षक होते आणि त्यांनी गावातील रहिवाशांची संघटना उभी केली होती. सरकारने त्यांची बदली केली. ती त्यांनी नाकारली, तेव्हा नोकरी गेली आणि त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. 27 जून 1985 च्या रात्री पोर्ट एलिझाबेथहून बैठक आटोपून परतताना गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोंटो आणि सिसेलो म्ह्लाउली यांना वाटेत अडवून ठार करण्यात आले व त्यांचे देह जाळण्यात आले. या चौघांपैकी तिघे शिक्षक होते.

पहिल्या चौकशीने 'अज्ञात व्यक्तींकडून हत्या' असा निष्कर्ष काढला. 1992 मध्ये एका वर्तमानपत्राने एक गुप्त लष्करी संदेश छापला. गोनिवे आणि कलाटा यांना समाजातून कायमचे दूर करावे, अशी शिफारस त्यात होती. दुसरी चौकशी झाली आणि सुरक्षा दलांना जबाबदार धरले गेले, परंतु एकाही व्यक्तीचे नाव घेतले गेले नाही. भट्टीतून वाचलेला एक कागद काय करू शकतो, आणि एकटा कागद काय करू शकत नाही, हे दोन्ही येथे दिसते.

आयोग आणि एकवीस हजार जबान्या

1994 मध्ये लोकशाही आली. 1995 च्या कायद्याने सत्य व समेट आयोग स्थापन झाला आणि आर्चबिशप डेसमंड टुटू त्याचे अध्यक्ष झाले. 1 मार्च 1960 पासून 10 मे 1994 पर्यंतचा काळ त्याच्या कक्षेत होता. हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर दुर्वर्तन या चार प्रकारच्या अत्याचारांची नोंद तो करणार होता. जबानी घेणारे कार्यकर्ते गावोगावी गेले. लोक आपापल्या भाषेत बोलले. जबान्यांची छाननी झाली. संगणकावर नोंदी झाल्या. एकवीस हजारांवर जबान्या जमल्या. एका जबानीत अनेकदा अनेकांवरील अत्याचार सांगितलेले असत. मुक्तिसंघटनांच्या हातून झालेले अत्याचारही आयोगाने लपविले नाहीत, म्हणूनच त्याच्या नोंदीचे वजन वाढले.

पहिली जाहीर सुनावणी 15 एप्रिल 1996 रोजी ईस्ट लंडन येथे सुरू झाली. तेथे नोमोंडे कलाटा यांनी सांगितले की, घरी वाटपासाठी आलेल्या वर्तमानपत्रातील जळालेल्या मोटारीच्या छायाचित्रावरून त्यांना पतीच्या घातपाताचा सुगावा लागला. बोलता बोलता त्यांनी फोडलेला हंबरडा त्या देशाच्या स्मृतीत कायमचा राहिला. साक्ष देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, पण बहुतेक जणी पती, मुलगा किंवा भाऊ यांच्याविषयीच बोलत. स्वतःवर काय गुजरले ते त्या सांगत नाहीत, हे ध्यानात आल्यावर आयोगाने स्त्रियांसाठी स्वतंत्र सुनावण्या घेतल्या. नोंद घेणाऱ्याने केवळ ऐकून भागत नाही. कोण काय सांगत नाही, तेही ओळखावे लागते.

1998 मध्ये अहवालाचे पाच खंड राष्ट्राध्यक्ष मंडेला यांना सादर झाले. 2003 मध्ये आणखी दोन आले. सातवा खंड केवळ पीडितांचा आहे. त्यात हजारो माणसांची नावे आणि प्रत्येकाच्या बाबतीत काय घडले, याच्या दोन-चार ओळी आहेत. नेता आणि निनावी मजूर तेथे एकाच ओळीत उभे आहेत.

नोंदीबाहेर राहिलेले

परंतु या नोंदीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. 'पीडित' शब्दाची व्याख्या अरुंद होती. पास कायद्याखाली लक्षावधी माणसे पकडली गेली आणि 1960 ते 1983 या काळात सुमारे 35 लाख लोकांना सक्तीने हुसकावून लावले गेले. त्यांचा रोजचा अपमान आणि उद्ध्वस्त झालेली घरे या चार प्रकारांत बसली नाहीत. विचारवंत महमूद ममदानी यांनी आयोगावर हाच आक्षेप घेतला. ज्या समाजाने पाणवठ्यावरचा रोजचा अपमान सोसला, त्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही.

ज्यांनी मुदतीत जबानी दिली नाही ते यादीबाहेर राहिले. नुकसानभरपाई म्हणून आयोगाने सहा वर्षे वार्षिक रक्कम सुचविली होती. सरकारने एकरकमी 30 हजार रँड दिले, तेही यादीतल्यांनाच. माफी न मिळालेल्यांपैकी तीनशेच्या आसपास प्रकरणे खटल्यासाठी सोपविली गेली, पण फारच थोडी न्यायालयापर्यंत पोहोचली. गोनिवे यांच्या मारेकऱ्यांना माफी नाकारली गेली, तरी त्यांच्यावर खटलाही चालला नाही. 2025 मध्ये या हत्येची तिसरी न्यायालयीन चौकशी सुरू झाली, तेव्हा घटनेला चाळीस वर्षे होत आली होती.

तरीही नोंद वाया गेलेली नाही. तिमोल यांच्या कुटुंबीयांनी चिकाटी सोडली नाही. 2017 मध्ये न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द करून ती हत्या होती असे जाहीर केले. 'आत्महत्या' हा शब्द पुसायला पंचेचाळीस वर्षे लागली. बेपत्ता झालेल्यांचे आणि फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांचे अवशेष शोधून ते नातलगांच्या स्वाधीन करण्याचे काम एक सरकारी पथक 2005 पासून करीत आहे. नोंद म्हणजे न्याय नव्हे. मात्र नोंद नसेल तर न्यायाचे दार ठोठावायला हातात काहीच उरत नाही.

आपल्यासाठी

2001 साली याच दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातील दलित संघटनांचे प्रतिनिधी तेथे गेले आणि त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. अशा व्यासपीठावर वेदना पुरत नाही. नाव, गाव, तारीख आणि साक्ष लागते.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांत आजही असे वडीलधारे आहेत, ज्यांनी 1978 मध्ये मराठवाड्यात जळालेली घरे पाहिली, जे नामांतराच्या मोर्चात चालले. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. कोण, कोठे, केव्हा, कोणी पाहिले आणि हे लिहिणारा कोण, एवढे स्पष्ट असू द्या. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवा. आकडा फुगवू नका, कारण एक खोटी नोंद शंभर खऱ्या नोंदींवर संशय आणते. आपल्या बाजूची चूक असेल तर तीही लिहा. जे सांगताना रडतील त्यांना घाई करू नका. कागदाच्या दोन प्रती करा आणि त्या दोन ठिकाणी ठेवा.

तथागतांच्या शिकवणुकीत सम्यक वाचेला स्थान आहे. जसे घडले तसे सांगणे हा तिचा पाया. मृतांच्या बाबतीत ती पाळण्याची जबाबदारी जिवंतांवर येते. गावातील म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. येत्या सुटीत घरी जाल तेव्हा सोबत एक कोरी वही न्या.

जय भीम! नमो बुद्धाय!