केसांचे औषध : फडताळातले आणि पानातले

कल्याणहून कर्जतच्या वाटेने गाडी निघाली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे एकामागून एक येतात. तिन्ही एकाच रुळावर वसलेली. परंतु डोक्यावरून न्हाण्याच्या दिवशी तेथील घरांतून जे पदार्थ बाहेर निघतात, त्यांवरून त्या त्या घराचा पूर्वेतिहास कळावा. बदलापूरच्या जुन्या घरांत आदल्या रात्री शिकेकाई भिजत पडते. अंबरनाथास कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची कुटुंबे येऊन राहिली. तेथे कोणाकडे जास्वंदीची पाने वाटली जातात, तर कोणाकडे कढीलिंब घालून खोबरेल कढवतात. उल्हासनगर हे मुळी युद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर वसलेले निर्वासितांचे गाव. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्यास हे नाव मिळाले. सिंधमधून आलेल्या भगिनींनी केस धुण्यास मेट, म्हणजे आपण जिला मुलतानी माती म्हणतो ती, वापरण्याची आपली रीत बरोबर आणली. शेजारधर्माने हे सारे उपचार आता एकमेकींच्या घरी पोहोचले आहेत. त्यांतील कोणता कितपत उपयोगी, याचा विचार आम्ही आज करणार आहोत.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात धरावी. आपल्या दृष्टीस पडणारा केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो तंतू आहे. त्याची वाढ त्वचेखालच्या मुळाशी, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर, या गतीने होते. तेव्हा बाहेरून लावलेल्या पदार्थाने केस स्वच्छ होईल, मऊ होईल, तुटण्यापासून वाचेल. त्याचे पोषण मात्र रक्तावाटेच व्हावयाचे. या मर्यादेत राहून पाहिले तर आपल्या आजीबाईंचे उपचार मुळीच टाकाऊ नाहीत.

शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात. अंगाचा साबण अल्कधर्मी असल्यामुळे केस राठ होतात. शिवाय कूपनलिकेच्या जड पाण्यात त्याचा साका केसांवर बसतो. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते व त्याचा असा साका धरत नाही. आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे व मूठभर आवळकाठी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी निम्मे पाणी उरेपर्यंत उकळावी आणि निवल्यावर पातळ फडक्यातून गाळून घ्यावी. डोळे मिटून न्हावे, कारण रिठा डोळ्यांस फार झोंबतो. हा काढा टिकाऊ नसतो. ज्या दिवशी करावा त्याच दिवशी संपवावा.

मेथीचे काम निराळे. दोन चमचे मेथ्या रात्री भिजत घालून सकाळी वाटल्या असता त्यांचा बुळबुळीत लगदा होतो. तो अर्धी वाटी दह्यात कालवून अर्धा तास केसांस लावावा व कोमट पाण्याने धुऊन टाकावा. त्या बुळबुळीत अंशाचा पातळ लेप केसावर बसल्याने गुंता सुटतो व केस हातास मऊ लागतो. सिंधी भगिनींची मेट तेलकटपणा शोषून घेते. ज्यांचे केस मुळात कोरडे, त्यांनी ती बेतानेच वापरावी.

खोबरेलाविषयी तर आपल्या मुंबईतच झालेल्या संशोधनाचा दाखला आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली. इतर दोहोंनी तसे झाले नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, असे त्याचे कारण दिलेले आहे. न्हाण्याआधी तेल लावण्याची घरोघरची चाल अशी शास्त्राच्या कसोटीस उतरली.

आता सावधगिरीचे दोन शब्द. कोंडा झाला म्हणून तेल थापणे चुकीचे, कारण कोंड्याशी संबंध असलेली सूक्ष्म बुरशी तेलावरच पोसते. लिंबाचा रस लावून उन्हात बसल्यास कातडी भाजल्यासारखी होते. खाण्याचा सोडा केसांस राठ करतो. कांद्याच्या रसाविषयी 2002 साली बगदादच्या वैद्यांनी एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला होता. पण तो चाई पडलेल्या रोग्यांवरचा होता, नेहमीच्या केसगळतीवरचा नव्हे. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी, हे उत्तम.

येथवर सारे ठीक. परंतु आमच्या परिचयाच्या अंबरनाथच्या एका घरी काय घडले, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. घर मोठे, माणसे प्रेमळ. धाकट्या सूनबाईंचे बाळंतपण होऊन तीन महिने लोटले आणि त्यांचे केस मूठमूठ गळू लागले. सासूबाईंनी मेथी वाटली, आत्याबाईंनी माक्याचे तेल कढवले, उल्हासनगरच्या मैत्रिणीने मेट पाठवली. वर्ष लोटले तरी गळती थांबेना. सूनबाई तोवर पुन्हा नोकरीवर जाऊ लागल्या होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी केसांकडे न पाहता आधी विचारले, "तुम्ही जेवता केव्हा आणि काय?" सकाळी चहा घेऊन गाडी गाठावयाची, डब्यातली पोळी निम्मी परत यावयाची आणि रात्री सर्वांचे आटोपल्यावर जे उरले असेल ते घ्यावयाचे, असा क्रम निघाला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ भरले. ते बारा तरी असावयास हवे. सासूबाईंच्या डोळ्यांस पाणी आले. "केसांना सर्व काही घातले, पोरीच्या पानात पाहिले नाही," एवढेच त्या बोलल्या.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळणे स्वाभाविक असते व बहुधा वर्षाच्या आत ते आपोआप थांबते. न थांबल्यास लोहाची उणीव आहे काय, थायरॉइड बिघडले आहे काय, हे तपासून घ्यावे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 57 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. तेव्हा हे दुखणे परक्याच्या घरचे समजू नये.

आणि या दुखण्यावरही स्वयंपाकघर साह्य करतेच. बाळंतिणीस अळिवाचा लाडू देण्याची आपली जुनी रीत आहे. अळिवांत लोह भरपूर असते. पालेभाजी, उसळी व डाळी यांवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा असावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, कारण तो लोह शोषू देत नाही. उणीव फार असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांस पर्याय नाही.

त्या घरी आता शिकेकाई पूर्वीप्रमाणेच भिजते, आणि मेथीही वाटली जाते. फरक इतकाच, की रात्री सूनबाईंचे पान सर्वांबरोबर मांडले जाते, आणि ते वाढावयास सासूबाई स्वतः बसतात.