'दीड तासावर' : अंतर आणि उड्डाणकाल

मुंबई ते नागपूर हे अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरे देता येतात. रेल्वेने ते ८३७ किलोमीटर आहे. २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. मात्र तो मुंबईत न येता ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो. दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. बोलण्यात मात्र चौथेच उत्तर अधिक ऐकू येते : 'विमानाने दीड तास'.

हे अंतराचे नव्हे, काळाचे उत्तर झाले, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश'पासून आला. त्याच्या मुळाशी हाक मारण्याची क्रिया आहे. 'योजन' हा शब्द 'युज्', म्हणजे जुंपणे, या धातूपासून झाला. अरबीतून आलेली 'मजल' तर सरळसरळ एका दिवसाची चाल होय. माणसाच्या क्रियेने अंतर मोजण्याची रीत भाषेत जुनीच आहे.

हा 'दीड तास' तरी काय मोजतो ? ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६८५ किलोमीटर कापावयास एक तासही लागू नये. परंतु वेळापत्रकातील काल विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठी पाहावी लागणारी वाट हे सारे त्यात आले. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, तेव्हा मुंबईकडे येणाऱ्या विमानाला काही मिनिटे अधिक लागू शकतात. अंतर तेच, पण जाण्याचा व येण्याचा काल एक नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ते '-वर' हे शब्दयोगी. 'विमान दीड तासात पोचते' हे गतीचे विधान. 'नागपूर दीड तासावर आहे' हे स्थानाचे. 'कोसावर', 'हाकेच्या अंतरावर' यांच्याच पंक्तीत 'तासावर' बसला आहे. हेच '-वर' काळालाही लागते, आणि तेथे क्रियापद पुष्कळदा बदलते : 'परीक्षा चार दिवसांवर आली.' महामार्ग झाल्यावर 'नागपूर आठ तासांवर आले' असे म्हणतात, तेव्हा हीच रचना स्थलाला लावलेली असते. प्रवासी जागीच आहे, चालले आहे ते गाव !

या रचनेत वाहनाचा उल्लेख गाळता येतो, आणि खरी अडचण तेथे आहे. 'मजल' म्हटली की पायी किंवा घोड्यावरून चालणारा वाटसरू गृहीतच असे. 'नागपूर दीड तासावर आहे' या वाक्यात विमानाचे तिकीट गृहीत धरलेले असते. रात्रभर गाडीत बसून मंत्रालय गाठणाऱ्या अर्जदाराच्या तोंडी ते वाक्य येणार नाही. १९५३ च्या नागपूर करारात शासनाने वर्षातून काही काळ नागपूरला यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरावे, असे ठरले. त्यामागे राजधानीचे स्थान जाण्याची चिंता होती, तशीच अर्जदाराच्या या अंतराचीही. म्हणून कोशात 'तास' या शब्दाखाली अंतरवाचक अर्थ नोंदवावयाचा झाल्यास 'वाहनसापेक्ष' एवढी खूण तरी त्यापुढे घालावी लागेल.