पायदळाच्या नव्या रायफली : प्रश्न गोळीच्या मापाचा

नवी दिल्ली – पायदळासाठी रायफल निवडताना आधी गोळीचे माप ठरवावे लागते. भारतीय लष्कराने अलीकडच्या वर्षांत केलेल्या शस्त्रखरेदीचे मर्म याच निर्णयात आहे.

पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेली ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ रायफल १९९० च्या दशकात सेवेत आली. तिने ७.६२ मिलिमीटरच्या जुन्या एसएलआरची जागा घेतली. लहान गोळी हलकी असल्याने जवानाला अधिक काडतुसे बाळगता येतात व खांद्याला धक्काही कमी बसतो. शत्रूचा एक सैनिक जखमी झाल्यास त्याला हलविण्यात इतर गुंततात, असा विचारही या मापाच्या बाजूने मांडला जात असे. काश्मीरमध्ये मात्र हे गणित जुळले नाही. जखमी दहशतवादी गोळीबार सुरूच ठेवू शकतो. त्याला तत्काळ निकामी करणे हा तेथे जवानाच्या प्राणाचाच प्रश्न असतो.

दोन मापांच्या नळ्या बदलता येणाऱ्या रायफलीची निविदा २०१५ मध्ये रद्द करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० अमेरिकी ‘सिग ७१६’ रायफलींचा करार झाला आणि २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० रायफलींची मागणी नोंदविण्यात आली. ६ डिसेंबर २०२१ रोजी दिल्लीत रशियाशी सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ रायफलींचा करार झाला. त्यांचे उत्पादन अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे होते.

दोन्ही रायफली ७.६२ मिलिमीटरच्या असल्या, तरी त्यांची काडतुसे एक नाहीत. ‘सिग’च्या काडतुसाचे कवच ५१ मिलिमीटर लांब आहे, तर ‘एके’चे ३९. पहिले अधिक शक्तिशाली असून त्याचा प्रभावी पल्ला सुमारे ६०० मीटर आहे. परंतु ते जड आहे व धक्काही मोठा देते. दुसरे तुलनेने हलके असून जवळच्या चकमकीस सोयीचे आहे.

५.५६ मिलिमीटरची गोळीही बाद झालेली नाही. ३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या भारत फोर्जसह दोन कंपन्यांशी याच मापाच्या सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनचे करार केले.

परिणामी, कामगिरीनुसार शस्त्र मिळाले, तरी तीन प्रकारच्या काडतुसांचा पुरवठा सांभाळण्याचा भारही वाढला. दुर्गम ठाण्यावर चुकीची पेटी पोहोचली, तर उत्तम रायफलही निरुपयोगी ठरते.